खुशालरावांचा हरवलेला बेस

आमच्या गावात मडकी विकायला येणारा कुंभार खुशालरावांच्या दारावरून जाताना आरोळी देत नसे. आरोळी ऐकली की खुशालराव बाहेर यायचे, एकेक मडकं उचलायचे, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचे, कान लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "नाही गा. याच्या पोटात काहीतरी हाय." रिकाम्या मडक्याच्या पोटात काय असणार, हे विचारायची कुंभाराची छाती नव्हती. तो गाढव हाकत पुढे जायचा.

टरबूज सगळेच ठोकून बघतात. खुशालराव नारळ, विटा, खाटेचे पाय, बैलाची शिंगं, नव्या चपलेचा तळ, सगळं ठोकून बघायचे. मुलीसाठी, गीतांजलीसाठी, स्थळ बघायला गेले तेव्हा त्या मंडळींच्या लोखंडी कपाटाला पाठ लावून बसले आणि चहा येईपर्यंत मागच्या मागे टकटक करत राहिले. परतीच्या एसटीत त्यांनी जाहीर केलं, "कपाट रिकामं हाय." ते लग्न तिथेच मोडलं. गीतांजलीचं पुढे अकोल्याला चांगलं झालं. तिथे कपाट लाकडी होतं आणि भिंतीत बसवलेलं होतं, त्यामुळे तपासणी नीट झाली नाही, असं खुशालराव अजून म्हणतात.

मी हे हसत लिहितो आहे, पण माणूस उगाच असा होत नाही. बडनेरा सोडून मुर्तिजापूरकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावांत ती वर्षंच तशी होती. एका साली खुशालरावांनी पेरलेली पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंडं धरायचं विसरली. दुसऱ्या साली फवारणीचं औषध असं निघालं की अळ्या त्यात आंघोळ करून ताज्यातवान्या व्हायच्या. सकाळचा पेपर उघडायला हात धजत नव्हता. 'बोगस' हा शब्द आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही लिहिता यायचा. बियाणं बोगस, खत बोगस, सरकारी मदतीचं पॅकेज बोगस, हवामानाचा अंदाज बोगस. अशा दिवसांत एखाद्याचं बोट आपोआप वाकून टकटक करायला लागलं, तर बोटाचा काय दोष?

या टकटकीला एकच अपवाद होता. अमरावतीचे अब्दुल गफ्फार.

गफ्फारभाई पिंजाऱ्याच्या घरचे. त्यांचे वडील दर हिवाळ्यात कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून आमच्या गावी यायचे आणि खुशालरावांच्या ओसरीवर मुक्काम ठोकून गावभराच्या गाद्या भरून द्यायचे. बरोबर छोटा गफ्फार असायचा. तो आणि खुशाल कापसाच्या ढिगात लोळत वाढले. पुढे गफ्फारभाईंना कापसाची शिंक यायला लागली, त्यांनी बापाचा धंदा सोडला आणि अमरावतीच्या इतवारा बाजारातल्या एका बोळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे ते स्वतःच्या हाताने प्लायवूड कापून स्पीकरचे बॉक्सही बनवायचे. गाद्या-रजयांचं काम त्यांच्या बायकोने, हाजराबीने, घरी चालू ठेवलं.

खुशालराव बाजाराला अमरावतीला गेले की दुपार या दुकानात काढायचे. गफ्फारभाईंनी दिलेला चहा ते वास न घेता प्यायचे. गफ्फारभाईंनी दिलेली वस्तू न ठोकता पिशवीत टाकायचे. माणिकबाई, म्हणजे खुशालरावांची बायको, म्हणायच्या, "मी आणलेलं मीठसुद्धा चाखून पाह्यते हा माणूस. पन गफ्फारभाऊनं माती देली तरी साखर म्हणून खाईन."

दुकानाच्या कोपऱ्यात, जमिनीवर, एक मोठा बॉक्स ठेवलेला असे आणि त्यावर कव्वाली लागलेली असे. कव्वालीतले शब्द खुशालरावांना निम्मे कळायचे नाहीत. त्यांचा जीव ढोलकच्या डाव्या हातावर, त्याच्या जाड बेसवर. तो धुम असा पडला की दुकानाच्या काचा हलायच्या, आणि खुशालरावांचं कपाळ, जे एरवी कायम आठ्यांनी भरलेलं, ते सपाट व्हायचं. मी पाहिलं आहे. त्या कपाळाकडे बघून गफ्फारभाईंनी एक दिवस म्हटलं, "खुशाल, असाच एक डब्बा तुह्या घरी पाहिजे."

झालं. गफ्फारभाईंनी स्वतः बसून बॉक्स बनवला. तो मांडीवर घेऊन खुशालराव एसटीने गावी आले. वाटेत बॉक्सवर कुणी हात ठेवला की ते त्या माणसाकडे असं बघायचे की माणूस पुढच्या थांब्यावर उतरून जायचा.

आता बॉक्स ठेवायचा कुठे? हिवाळा सरला होता आणि आमच्या निम्म्या गावाप्रमाणे खुशालरावांच्या घरात कापूस भरलेला होता. भाव पडलेला. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा. व्यापारी मालाकडे बघून असं तोंड करायचे जसं कुणी त्यांच्यापुढे कचरा टाकला आहे. त्यामुळे लोक कापूस घरातच ठेवत, भाव चढेल या आशेवर, आणि स्वतः अंग खाजवत झोपत. खुशालरावांच्या समोरच्या खोलीत तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस होता, फक्त रस्त्याकडचं दार आणि त्यालगतचा कोपरा तेवढा मोकळा. उघडी राहिलेली चौथी भिंत, दाराजवळची, माझ्या आणि त्यांच्या घरात सामाईक. मधल्या जागेत एक बाज, आणि बाजेवर खुशालराव.

त्यांनी जागा निवडली ती पक्क्या संशयी माणसाने निवडावी तशी. कापसाच्या ढिगात देवळीसारखा कोनाडा खोदला, बॉक्स त्यात नाकापर्यंत बसवला आणि चारही बाजूंनी कापूस दाबून टाकला. रस्त्यावरून दिसणार नाही. चोराला सापडणार नाही. उंदराला आधी कापूस कुरतडावा लागेल. एसटीतून आलेल्या जिवाला धक्का लागणार नाही. जाळी तेवढी उघडी, आणि तीही निम्मी. माणिकबाई म्हणाल्या, "बाळंतीण ठेवल्यासारखं ठेवलं!"

मग घरचा टेप-डेक त्याला जोडला, कव्वालीची कॅसेट घातली, आणि खुशालराव बाजेवर बसले.

टिचिक टिचिक टिचिक.

टाळ्या होत्या. गाणाऱ्याचा गळा होता. ढोलकची उजवी बाजू होती. डावा हात गायब! जणू अमरावतीहून येताना ढोलकवाल्याचा एक हात बडनेऱ्याला उतरून राहिला होता.

पहिला संशय वीज मंडळावर गेला. भारनियमनाचे दिवस, येईल ती वीज मरतुकडी. मीही मान हलवली, कारण आमच्याकडे कशालाही व्होल्टेजचं कारण देता येतं. पण दिवे ढणढणत असतानाही टिचिक टिचिकच. दुसरा संशय माणिकबाईंवर गेला, की झाडताना काहीतरी उपटलं. माणिकबाईंनी झाडूच त्यांच्यापुढे धरला, "घ्या, याले ठोकून पाहा!"

तिसरा संशय माझ्यावर आला, आणि त्याला कारण मीच ठरलो. मी सहज बोललो, "खुशालराव, कव्वाली जोरात चालली आहे. माझ्या भिंतीला धुमधुम ऐकू येते."

खुशालराव गारठले. "काय ऐकू येते?"

"ढोलक. धुमधुम."

"तुमाले?"

"हो."

"मले येत नाही अन् तुमाले येते?"

"भिंतीला उशी लावून झोपलं की येते."

त्या दिवसापासून खुशालराव माझ्या घरात पाणी मागायला येऊ लागले, आणि पाणी न पिता भिंतीच्या कडेने वायर शोधू लागले. बॉक्स त्यांचा, वीज त्यांची, कॅसेट त्यांची आणि बेस मास्तरच्या, म्हणजे माझ्या, घरी, हा काय न्याय? मी शाळेत गेल्यावर त्यांनी माझी उशीसुद्धा ठोकून पाहिली, असं माझ्या बायकोने सांगितलं.

आणि मग, सगळीकडे फिरून, संशय तिथे पोचला जिथे तो कधीच गेला नव्हता. ओसरीवर बसून खुशालराव अगदी हळू म्हणाले, "मास्तर, गफ्फारनं डब्बा बदलला तर नसंन?" आणि लगेच स्वतःच घाबरले. मला त्यांची कीव आली. बियाणेवाला फसवतो, औषधवाला फसवतो, हे त्यांनी पचवलं होतं. पण जगात एकच माणूस असा होता ज्याच्यापाशी त्यांचं बोट सरळ राहायचं. तोही बोगस निघाला, तर मग उरलं काय?

ते बॉक्स घेऊन अमरावतीला गेले. मला साक्षीदार म्हणून नेलं. गफ्फारभाईंनी दुकानातला बॉक्स उचलला, त्याच कोपऱ्यात, त्याच जमिनीवर खुशालरावांचा ठेवला आणि चालू केला.

धुम! काचा हलल्या. समोरच्या पानवाल्याने मान वर केली.

"काय झालं याले?" गफ्फारभाई म्हणाले. "घोड्यावानी धावून राहिला."

खुशालरावांच्या तोंडावर आनंद यायला हवा होता. पण ते उठले आणि काउंटरखाली वाकून पाहू लागले. पडदा सरकवला. मागच्या फळीवर पाहिलं.

"काय धुंडून राहिला बे?"

"दुसरा डब्बा."

"कोणता दुसरा?"

"ज्याच्यातून धुम येऊन राहिली."

आणि तेवढ्यात ते घडलं. खुशालरावांचा उजवा हात पुढे आला, मधलं बोट वाकलं, आणि गफ्फारभाईंनी स्वतः कापून, घासून, चिकटवून केलेल्या बॉक्सवर त्यांनी टकटक केली. कान लावला. डोळे मिटले.

दुकानात कव्वाली चालूच होती.

"खुशाल," गफ्फारभाई म्हणाले, "तू माह्या डब्ब्याले ठोकून पाह्यलं?"

"मी फक्त…"

"मडकं हाय का मी? टरबूज हाय? अब्बा तुह्या ओसरीवर झोपत होते, तवा त्यायलेबी ठोकलं होतं का?" मग त्यांच्याही तोंडून सुटलं, "अन् मी तुह्यावर शक करू का? अथी वाजते, तथी वाजत नाही. घरी नेऊन मागचं झाकण कोनं खोललं? चुंबक कोनं काढला अन् अथी येताना कोनं परत बसवला?"

"मी? चुंबक?"

"मग कोन? मास्तर?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी कव्वाली ऐकत असल्याचं दाखवलं.

बॉक्स घेऊन आम्ही परत आलो. त्या दिवसानंतर खुशालराव अमरावतीला गेले तरी इतवाऱ्याचा बोळ टाळू लागले. घरी बॉक्स पुन्हा कोनाड्यात गेला, पण लावत कुणी नव्हतं. बाजेवर बसून ते त्या जाळीकडे बघत राहायचे. चहाचा वास घेताना आता जास्त वेळ लागू लागला. मीठच काय, पाणीसुद्धा चाखून मग पीत. माणिकबाई मला म्हणाल्या, "भाऊजी, या माणसाचं काही खरं नाही. आधी एक माणूस तरी खरा होता."

मार्ग माणिकबाईंनीच काढला. नातीसाठी, गीतांजलीच्या पोरीसाठी, गादी शिवायची आहे, कापूस घरचाच आहे, तो बघायला या, असा निरोप त्यांनी हाजराबीला धाडला. हाजराबी एकटी कशी येणार? एका रविवारी सकाळी एसटीतून दोघं उतरली; मलाही बोलावणं होतंच. हाजराबी पुढे, हसत. गफ्फारभाई मागे, फुगलेले, हातात भलंमोठं टरबूज. रुसलेला असला तरी पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. त्यांनी ते बाजेखाली सरकवलं आणि खुशालरावांकडे न बघता बसले. खुशालरावांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. टरबुजाकडे मात्र पाहिलं, आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या काखेत गेला.

"लाव तुहा डब्बा," गफ्फारभाई भिंतीला म्हणाले.

खुशालरावांनी लावला. टिचिक टिचिक टिचिक.

गफ्फारभाईंचं तोंड उतरलं. त्यांनी बॉक्स कापसातून उपसला, खिशातून पेचकस काढला, मागचं झाकण उघडलं. चुंबक जिथल्या तिथे. तारा जिथल्या तिथे. पेन्सिलीने आत मारलेली त्यांची फुली जिथल्या तिथे. झाकण लावून बॉक्स पुन्हा कोनाड्यात, पुन्हा चालू. टिचिक.

"आता?" खुशालराव म्हणाले. "आता कोनाचं नाव घेतं?"

गफ्फारभाईंनी पेचकस खिशात कोंबला. ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याला राग येतो. ते ताडकन उठले. "नाही पटत ना? मग फोडून टाक! चल गं हाजरा." आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, माझ्या सामाईक भिंतीपाशी काढलेल्या चपला घालायला वाकले. तोल जाऊ नये म्हणून भिंतीला हात टेकला.

आणि तसेच वाकलेले राहिले.

"काय झालं? कंबर धरली का?" माणिकबाईंनी विचारलं.

"शांत रहा सारे." गफ्फारभाईंनी डोकं कोपऱ्यात घातलं. "खुशाल, इकडे ये."

"कायले?"

"ये म्हणतो ना!"

खुशालराव गेले, पण आधी कोपऱ्यात काही ठेवलेलं तर नाही ना ते बघून घेतलं. मग गफ्फारभाईंच्या डोक्याशेजारी आपलं डोकं घातलं. दोन पिकलेली डोकी एका कोपऱ्यात, आणि मागे आम्ही तिघं बघतोय.

"धुम," खुशालराव पुटपुटले.

"धुम," गफ्फारभाई म्हणाले.

अशक्त होती, पण डाव्या हाताचीच धुम. खुशालराव एक पाऊल बाजेकडे आले, गेली. कोपऱ्यात परत गेले, आली. मग ते कान पुढे करून खोलीभर फिरले आणि तलाठ्याने शेत मोजावं तसा बेसचा सातबारा काढला: दारामागे आहे, उघड्या भिंतीला चिकटून आहे, बाजेवर, म्हणजे खोलीच्या बरोब्बर मधे, जिथे ते इतके दिवस बसत होते, तिथे नाही, आणि कापसाजवळ तर औषधालाही नाही.

"मास्तरच्या भिंतीत काहीतरी हाय," त्यांनी संशय व्यक्त केला.

हाजराबी इतका वेळ कापूस चिमटीत धरून बघत होती. ती एकदम हसायलाच लागली. "भाऊ, मास्तरच्या भिंतीत काही नाही. तुमी बेसले गादीत गुंडाळून ठेवलं, रजई पांघरली, अन् वरून पुसून राहिले की बोलत काहून नाही!"

"मतलब?" गफ्फारभाईंनी विचारलं.

"मतलब तुमीच सांगाले पाहिजे, पिंजाऱ्याच्या घरचे तुमी! अब्बा पिंजण घेऊन कुठं बसत? कापसाच्या ढिगात कधी बसले? खोलीच्या कोन्यात, उघड्या भिंतीले पाठ लावून. पिंजणाची तांत छेडली की धुंग, साऱ्या गल्लीले समजे पिंजारी आला म्हणून. कापसाजवळ बसलं तर कापूसच आवाज पिऊन जाते, म्हणत. कोन्यात दोन्ही भित्ती हात देतात, जमीन देते. तुमच्या दुकानात डब्बा कोन्यात नाही ठेवला तुमी? काहून ठेवला?"

"जागा नव्हती म्हणून," गफ्फारभाई प्रामाणिकपणे म्हणाले.

आता सगळं सोपं होतं. बॉक्स काढून दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचा. पण खुशालराव हलेनात. दाराजवळचा कोपरा! रस्त्यावरून सरळ दिसतो. येणारा-जाणारा बघणार. चोर बघणार. कापूस मागायला येणारा व्यापारी बघणार आणि म्हणणार, याच्या घरी गाणी वाजतात, याला भावाची काय गरज?

"दिसते तथी," ते म्हणाले.

"दिसू द्या की!" माणिकबाई कडाडल्या. "साऱ्या घरात कापूस लपवला, डब्बा लपवला, आता आमाले लपवता का? एक तरी वस्तू उजेडात राहू द्या."

खुशालरावांनी गफ्फारभाईंकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मग स्वतः बॉक्स उचलला, कोपऱ्यात नेला आणि दोन्ही भिंतींना जवळजवळ टेकवून ठेवला. गफ्फारभाईंनी तारा जोडल्या. बाज ओढून उघड्या भिंतीला लावली. बटण दाबलं.

धुम!

आढ्यावरची धूळ खाली आली. चुलीजवळच्या फळीवरच्या ताटल्या एकमेकींना टेकल्या. माझ्या घरून माझ्या बायकोचा आवाज आला, "कोण पडलं?" आणि खुशालरावांचं कपाळ सपाट झालं. अगदी इस्त्री केल्यासारखं. कॅसेटची बाजू संपेपर्यंत ते तसंच राहिलं. मधे एकदा खुशालरावांनी पंजा भिंतीवर ठेवला, नुसता ठेवला, टकटक केली नाही.

कव्वाली थांबल्यावर माणिकबाईंनी विळी आणली, परात आणली. गफ्फारभाईंनी बाजेखालून टरबूज ओढलं आणि खुशालरावांपुढे ठेवलं. ठेवलं, आणि हाताची घडी घालून ते त्यांच्या उजव्या हाताकडे बघू लागले.

खुशालरावांचा हात पुढे आला. मधलं बोट वाकलं. टरबुजापासून करंगळीएवढ्या अंतरावर थांबलं. माणिकबाईंनी पदर तोंडाशी धरला. बोट तिथे अडून राहिलं, सवयीने आणि लाजेने, दोन्हींनी. मग ते हळूहळू सरळ झालं. खुशालरावांनी टरबूज उचललं आणि न ठोकता, न हुंगता, सरळ विळीवर धरलं.

आत पांढरं होतं. पांढरं म्हणजे कापसाशी स्पर्धा करील असं. मधोमध थोडी गुलाबी शंका होती, तेवढीच.

खुशालरावांनी एक मोठी फोड घेतली, चावली, बिया थुंकल्या, परत चावली.

"साखर हाय लेका," ते म्हणाले.

गफ्फारभाईंनी फोड तोंडात घातली. चावता चावता त्यांचे डोळे बारीक झाले, पण गिळली. आम्ही सगळ्यांनी गिळली. खुशालरावांनी सालापर्यंत संपवली आणि दुसरी मागितली.

संध्याकाळच्या एसटीला मी त्यांना पोचवायला गेलो. हाजराबीच्या डोक्यावर गादीच्या कापसाचं गाठोडं होतं. गाडी आली, हाजराबी चढली, पण गफ्फारभाई पायरीवर अडले. कंडक्टर ओरडत होता. माझा हात धरून ते कानाशी आले.

"मास्तर, ते टरबूज बेचव होतं ना?"

"होतं."

"तेच म्हणतो. हा माणूस माह्याशी कधी खोटं बोलला नाही." त्यांनी दूर ओसरीवर उभ्या असलेल्या खुशालरावांकडे रोखून पाहिलं. "आज काहून बोलला?"